पोरगं अ‍ॅग्रीला घालताय? अभिनंदन!

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले आणि मेडिकलचं नाव आता घरात कुणी काढत नाही. म्हणजे बी.एस्सी. अ‍ॅग्रीची वेळ झाली. घाबरू नका. खर्च किती आणि पदरात काय, हा हिशेब मी मांडून देतो. चार वर्षं, आठ सेमिस्टर स्वतः काढली आहेत. सल्ला फुकट आहे. बाकी काही फुकट नव्हतं.

आधी कॉलेज. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांत फी बेताची, म्हणून तिथं नंबर लागत नाही. मग त्यांच्याशीच संलग्न खासगी कॉलेज गाठायचं. आमच्या वडिलांनी दोन म्हशी विकून माझी पहिल्या वर्षाची फी भरली. व्यवहार तोट्याचा नाही. म्हशीला रोज वैरण लागते, पदवीला एकदा फ्रेम केली की काही लागत नाही.

हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या झाडपाल्याच्या फाइलसाठी, रानोमाळ हिंडू नका, सिनियरची फाइल घ्या. माझ्या फाइलमधलं गाजरगवत आधी तिघांना पास करून माझ्याकडे आलं होतं. मीही ते पुढं दिलं. आमच्या बॅचमध्ये इतकी सलग नोकरी दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही.

सातव्या सेमिस्टरला रावे, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांना शेती शिकवायची. मी बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, शिकवलं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. त्यात लोखंडी खिळा बुडवायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. वडिलांच्या वयाची नऊ माणसं बघत होती. त्यातल्या एकानं थर बघून मी तोंड उघडायच्या आत आणखी चुना टाकला. नंतर बॅनर सरळ धरायलाही तेच पुढं आले. फोटो झकास आला, गुणही.

पदवी हातात पडली की झाडाझुडपांशी संबंध ताबडतोब तोडा. पुणं गाठा आणि पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत खुर्ची धरा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली. त्यात कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेतच घ्या, अशीही मागणी होती. पोरं पुण्यात रस्त्यावर बसली आणि राज्यसेवेची परीक्षा पुढं ढकलली गेली. शेतीचं शिक्षण वाया जातं असं कोण म्हणतं? उन्हात तासन् तास बसायची सवय ऐनवेळी कामाला आली.

सोयरिकीचं थोडक्यात सांगतो. ‘शेती करतो’ असं चुकूनही म्हणू नका. ‘अ‍ॅग्री ऑफिसर होणार आहे’ चालतं. ‘शेती भरपूर आहे, पण करत नाही’ याच्या वर स्थळ नाही.

एखाद्या पोराला खरोखरच वनस्पतींचं वेड असतं. त्याला वेळीच सावरा. कोकण कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ आंबा दिला तो १९८१ मध्ये. मग त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून, कोय अगदी पातळ असलेला ‘सिंधू’ आला तो १९९२ मध्ये. दोन आंब्यांत अकरा वर्षं! तेवढ्यात धडाडीचा माणूस दोनदा आमदार होतो आणि एकदा पक्षही बदलतो. संशोधकाच्या वाट्याला काय? बाजारात आजही लोक हापूसच मागतात.

तर आता खात्रीच्या कमाईकडे येतो. कीटकनाशक विक्रीच्या नव्या परवान्याला २०१७ पासून कृषीची किंवा तशाच विज्ञान विषयाची पदवी, नाहीतर पदविका लागते. दुकान ज्याचं त्याचं, कागद आपला. तालुक्याच्या एका दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी माझी पदवी टांगलेली आहे. वर्षाला ठरलेलं भाडं. चार वर्षांच्या फीच्या मानानं फार नाही. पण काही न करता मिळतं, आणि सरकारी नोकरी तरी आपण कशासाठी मागत होतो?

गेल्या मृग बहारात आमच्या डाळिंबावर तेल्या रोग आला. वडिलांनी डाग पडलेलं फळ माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, “झँथोमोनास अ‍ॅक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिसी.”

“बरं. मग फवारायचं काय?”

मी जरा घोळवलं. वडिलांनी गाडीला किक मारली आणि मला मागं बसवून त्याच दुकानात नेलं. काउंटरवर दहावी नापास पोरगा होता. त्यानं फळ हातातसुद्धा घेतलं नाही. लांबूनच बघून एक कीटकनाशक, एक टॉनिक आणि औषध पानाला चिकटवणाऱ्या स्टिकरची बाटली पुढं ठेवली. तेल्या जिवाणूमुळं होतो, कीटकनाशकाचा त्याला काही उपयोग नाही, एवढं मला पक्कं येत होतं. पण भाडं त्याच आठवड्यात यायचं होतं. मी भिंतीवरच्या गणपतीकडं बघत राहिलो.

“तुम्हीच सांगा दादा, पंपाला किती घालायचं,” वडील त्याला म्हणाले. “आमच्या साहेबाला नुसती नावं येतात.”

पोरानं माप सांगितलं, बिल केलं. तीन हजार दोनशे. मग मान वर करून भिंतीवरचं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि दोनशे कमी केले. “सर आपल्याच दुकानाचे आहेत.”