केशवरावांच्या हयातीतच त्यांचे ‘स्मारक’ कसे झाले?

गेल्या आठवड्यात सातवीतल्या भाचीने प्रकल्पाची वही माझ्यापुढे ठेवली. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे छायाचित्र डिंकाने चिकटवलेले होते आणि त्याखाली लाल शाईत लिहिले होते : ‘केशवरावांच्या निधनानंतर शाहू महाराजांनी त्यांच्या स्मरणार्थ हे नाट्यगृह बांधले.’ ही माहिती कुठली, असे विचारताच तिने आईच्या मोबाईलवर आलेला संदेश दाखवला. तोच संदेश मलाही तीन-चार गटांतून आला होता आणि मी दुर्लक्ष केले होते. तो मुलीच्या वहीत उतरल्यावर मात्र गप्प बसणे मला जमणार नाही.

हे नाट्यगृह १९१५ मध्ये खुले झाले आणि त्याचे नाव होते पॅलेस थिएटर. मराठी विश्वकोशातली केशवरावांची नोंद उघडून पाहिली तरी पुरे : जन्म ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू ४ ऑक्टोबर १९२१. म्हणजे १९१५ मध्ये ते पंचविशीत होते, १९०८ मध्ये हुबळीला काढलेली ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी चालवत होते आणि स्वतः रंगमंचावर उभे राहून गात होते. धडधाकट माणसाचे स्मारक कोण बांधेल? केशवरावांचे नाव नाट्यगृहाला दिले गेले १९५७ मध्ये, महाराजांच्या निधनानंतर ३५ वर्षांनी. ही चूक नुसती सनावळीची नाही. चालत्या-बोलत्या रंगभूमीसाठी आपल्या गावात चांगले थिएटर हवे, ही महाराजांची दृष्टी या चुकीने पुसली जाते, आणि आपल्या मातीतल्या गायकनटाचे नाव पुढच्या पिढीने आठवणीने दिले, हेही झाकले जाते.

‘संयुक्त मानापमानाचा पहिला प्रयोग याच रंगमंचावर झाला’ हे संदेशातले वाक्यही खोटे आहे. संयुक्त मानापमान म्हणजे केशवराव आणि बालगंधर्व यांच्या दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग. नायक धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव आणि नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व असे एकत्र दिसले ते ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी.

‘नाट्यगृहामागची खासबाग ही महाराजांच्या समाधीची बाग’ असेही त्या संदेशात म्हटले आहे. नावात बाग आहे हे मान्य, पण खासबाग हे महाराजांनीच उभारलेले कुस्तीचे मैदान आहे, आणि त्यांचे समाधिस्मारक नर्सरी बागेत आहे. तिथे एकदा जाऊन आलेला माणूस ही गल्लत करणार नाही.

शेवटचा मुद्दा आगीचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, रंगमंच आणि प्रेक्षागृह जळाले. एवढे खरे आहे आणि ते लिहितानाही हात जड होतो. पण त्यापुढचे ‘आता तिथे जुने काहीच उरले नाही’ हे वाक्य घातक आहे, कारण काहीच उरले नसेल तर जपायचे तरी काय, असे कोणीही विचारू शकेल. दर्शनी भागाचे दगडी बांधकाम त्या आगीतही उभे राहिले. पुनर्बांधणीची प्रत्येक चर्चा त्या दगडांपासून सुरू व्हायला हवी.

भाचीने लाल ओळ खोडून खाली १९१५ आणि १९५७ ही दोन्ही साले लिहिली आहेत. ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला, त्यांनी त्याच गटांत ही दुरुस्तीही पाठवावी.