शाळेची वेळ बदलली, पण कोणाची?

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरवले. त्यावरचा वाद स्कूलबस, वाहतूक कोंडी आणि नोकरदार पालकांची ओढाताण यांभोवतीच फिरत राहिला. मी राहतो त्या अमेरिकेतल्या सिएटलमध्येही हा वाद झाला. मात्र इथे उशिराची वेळ मिळाली ती मोठ्या मुलांना.

वयात येताना झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला अंथरुणावर धाडले तरी तो कूस बदलत पडतो. (मोबाइल काढून घेणे हा अर्धाच उपाय झाला.) २०१६ मध्ये इथल्या सरकारी हायस्कुलांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन शाळांतील दहावीच्या मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी घड्याळे बांधली, तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. गुणही ४.५ टक्क्यांनी वाढले, पण बदलाआधीच्या आणि नंतरच्या तुकड्या वेगळ्या असल्याने त्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. मला मोलाचे वाटते ते हे, की ज्या शाळेत गरीब घरांतील मुले अधिक होती, तिथे गैरहजेरी आणि उशिरा येणे कमी झाले. सुस्थितीतील मुलांच्या शाळेत तसा फरक पडला नाही.

अर्थात त्याच बसगाड्या अनेक फेऱ्या मारत असल्याने इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा आठच्या सुमारास भरू लागल्या. फ्लोरिडाने तर मोठ्या मुलांची शाळा उशिरा भरवण्याचा २०२३ चा कायदा लागू होण्याआधी, २०२५ मध्ये, गुंडाळला.

आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, तिथे लहानांना दुपारी ढकलले की सातचे सत्र मोठ्यांच्या वाट्याला येते. पुण्यात नववीत असलेला माझा भाचा सव्वासहाला रिक्षाकाकांचा हॉर्न वाजला की डबा उचलून पळतो आणि संध्याकाळचा क्लास आटोपून नऊनंतर गृहपाठाला बसतो. माझ्या मते नऊची अट शिथिल करून अशा शाळांनी लहानांना आठला आणि मोठ्यांना दुपारी बोलवावे. नवी इमारत त्यासाठी लागत नाही. मात्र मोठ्यांची सकाळ मोकळी झाली की क्लासवाले सहाची बॅच काढतील, आणि २०२४ चा तो निर्णय शाळांपुरताच आहे.