आमची कोठेही शाखा नाही

पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. पुणेकरांना त्यात दुकानदाराचा ताठा दिसतो. मला मात्र ती पाटी थेट आमच्या गावासाठी लिहिल्यासारखी वाटते. लातूरहून नांदेडला जाताना एसटी जिथं दहा मिनिटं थांबते आणि कंडक्टर ‘लवकर उरका’ म्हणून ओरडतो, ते आमचं गाव. नाव सांगितलं की लोक ‘म्हणजे कुठं आलं?’ विचारतात, म्हणून सांगायचं सोडून दिलंय.

तसं शाखांचं वावडं गावाला नाही. पतसंस्था आहेत, सोनं तारण ठेवून घेणारे आहेत, अमृततुल्य चहा तर एका चौकात चारी कोपऱ्यांवर आहे. चारही ठिकाणी तीच पितळी भांडी आणि तसाच गुळाचा चहा, तरी प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आणि कट्टर. पण माझ्या मुलीच्या लेखी चहा मोजत नाहीत. जे ॲपवर दिसतं, जिथं स्क्रीनवर बोट लावून ऑर्डर देता येते आणि जिथल्या कागदी पिशवीवर ओळखीचं चिन्ह असतं, तेच काय ते खरं. रविवारी सकाळी ती मोबाइलवर पिझ्झा-बर्गरवाल्या कंपन्यांच्या ॲपमध्ये पिनकोड टाकते. ‘आम्ही लवकरच तुमच्या भागात येत आहोत,’ असं उत्तर येतं. पिनकोड बदलत नाही आणि उत्तरही.

मॅक्डोनाल्ड्स भारतात आलं १९९६ मध्ये, आधी दिल्लीत आणि लगोलग वांद्र्याला. डॉमिनोजही त्याच वर्षीचं. केएफसी त्याच्या वर्षभर आधी बंगळुरात उतरलं, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी त्याच्याविरुद्ध आंदोलन केलं होतं. आमच्याकडचे शेतकरी आंदोलन करतीलच, तर अजून उघडत का नाही म्हणून करतील. स्टारबक्स २०१२ साली टाटांचा हात धरून मुंबईत हॉर्निमन सर्कलला आलं. त्यातलं कुणी आमच्या फाट्यावर वळलं नाही. अर्थात ज्या जिल्ह्याला २०१६ साली प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, तिथं पिझ्झा तीस मिनिटांत कोण आणून देणार, हाही विचार करायला पाहिजे.

पिझ्झा आमच्याकडं मिळतच नाही असं नाही. कॉलेजसमोरच्या गाड्यावर मिळतो. पाकिटातला तयार बेस, त्यावर लाल सॉस, शिमला मिरची, आणि चीजचा क्यूब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत किसायचा, म्हणजे मापात पाप नाही याची खात्री. मग तव्यावर झाकण. खाली थोडा करपतो, वर थोडा कच्चा राहतो, पण मधला भाग फर्मास असतो आणि मी तो आवडीनं खातो. मुलगी खात नाही. प्रश्न पोटाचा नाहीच. पिनकोड टाकल्यावर ॲपनं एकदा ‘हो’ म्हणावं, एवढ्यासाठी चाललंय सगळं.

बायकोची मागणी त्याहून अवघड. ‘मला पिझ्झा नको, बर्गर नको. ज्याचं बाथरूम स्वच्छ आहे असं एक हॉटेल उघडू दे, मग तिथं पिठलं विकलं तरी चालेल.’ यावर बोलण्यासारखं काही नाही, कारण आमच्या हॉटेलांतल्या ‘फॅमिली रूम’ मी पाहिल्या आहेत. हिरवा रंग दिलेल्या प्लायवूडचा खोका, वर धुवायला कधीच न काढलेला पडदा, आणि पंखा पार्टिशनच्या पलीकडं, त्यामुळं वारा दुसऱ्या फॅमिलीला. शेवटचा घास तोंडात असतानाच पोऱ्या टेबलावर फडकं मारतो आणि बाहेर उभी असलेली फॅमिली पडदा बाजूला करून आपल्या ताटात बघते.

म्हणून वाढदिवसाला आम्ही लातूर गाठतो. काचेचं दार ढकलून आत गेलं की गार हवा लागते आणि समोर आख्खं गाव बसलेलं असतं. मागच्या खेपेला तहसीलमधले भाऊसाहेब होते, सोयाबीनचे दोन व्यापारी होते, आणि कोपऱ्यात पाठ फिरवून शाळेतले सर. दर शनिवारी प्रार्थनेनंतर मुलांना ज्वारीच्या भाकरीचं महत्त्व सांगतात तेच. ‘काय सर, इकडं कुठं?’ म्हटल्यावर म्हणाले, ‘बीपीची गोळी घ्यायला आलतो.’ गोळी चीजसकट होती.

या दिवाळीत पुण्याहून भाचा येणार होता. मुलीनं त्याला बर्गर आणायला सांगितले. पोरानं ते संध्याकाळी घेतले, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये उशाशी सांभाळले आणि पहाटे बायपासला उतरून ‘मामा, हे घे’ म्हणत पिशवी माझ्या हातात दिली. पाव दबून चपातीएवढा झाला होता. मुलीनं पिशवीसकट फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि आंघोळीला गेली. तेवढ्यात आईनं सूत्रं हाती घेतली. बर्गरची तिनं रीतसर फोड केली: पाव तूप लावून तव्यावर, टिक्की पुन्हा तेलात, ‘ही कसली आंबट कढी’ म्हणून सॉस पुसून बाजूला, आणि हिरवी पानं शेजारच्या शेळीला. वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरून ताट मांडलं. ‘आता खाण्याजोगं झालं बघ,’ म्हणाली. मुलगी दोन दिवस आजीशी बोलली नाही. शेळीनं पानं हुंगली आणि सोडून दिली.

पण स्टेटस गावभर पोचलं होतं. माझं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडसमोर, त्यामुळं दहा वाजल्यापासून चौकश्या सुरू. ‘कुठं उघडलंय म्हणं?’ नाही उघडलं, असं सांगितलं तर लोकांना मी काहीतरी दडवतोय असं वाटायचं. दुपारपर्यंत ते मोंढ्याच्या मागं उघडलं होतं, संध्याकाळी बायपासला सरकलं, आणि दुकान बंद करायच्या वेळेला एकानं तिथं स्वतः खाऊन आल्याचं सांगितलं. चव कशी होती विचारलं, तर म्हणाला, ‘मीठ जरा कमी.’

दुसऱ्या दिवशी आडतवाले अण्णा आले. बायपासला त्यांचा एनए प्लॉट आहे. काउंटरवर त्यांनी सातबारा, आठ-अ, एनएचा आदेश असं सगळं मांडलं. ‘कलर काढ. एजन्सी घ्यायलोय.’ सोबत मोबाइलवर आलेलं ‘मंजुरीपत्र’ होतं. पिझ्झाच्या चिन्हाखाली मोठा गोल शिक्का, आणि रजिस्ट्रेशनचे काही लाख एका माणसाच्या नावच्या खात्यात भरायचे. मी म्हटलं, ‘अण्णा, ही खताची एजन्सी नाही. डॉमिनोजची दुकानं भारतात ज्युबिलंट नावाची एकच कंपनी स्वतः चालवते. मॅक्डोनाल्ड्सचंही तसंच, आपल्या पट्ट्यात वेस्टलाइफ. ते फार तर जागा भाड्यानं घेतील, एजन्सी वाटत नाहीत. हे पत्र बोगस आहे.’

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. ‘मी पैसे झेरॉक्सचे देतोय का सल्ल्याचे?’

झेरॉक्स काढून दिल्या. नशिबानं त्यांचा जावई बँकेत आहे, त्यानं पैसे जाऊ दिले नाहीत. मग अण्णांनी प्लॉटवर स्वतःच्या खर्चानं बोर्ड लावला: ‘भाड्याने देणे आहे. फक्त मल्टिनॅशनल.’ खाली दोन मोबाइल नंबर. बोर्डाखाली एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आपणहून येऊन बसलं, त्याचं भाडं अण्णा अजून मागतायत.

गेल्या महिन्यात गुऱ्हाळ उठलं आणि प्लॉटभोवती हिरवी जाळी लागली. इन केलेले शर्ट घातलेली दोन माणसं टेप घेऊन मोजमापं करताना दिसली. गाव परत कामाला लागलं. मोठी लाइट मंजूर झाल्याचं वायरमननं सांगितलं, म्हणजे ओव्हन आले. एसीची खोकी उतरताना रिक्षावाल्यांनी पाहिली. भाऊसाहेबांनी फाइल बघून सांगतो म्हणून दोन चहा उकळले आणि फाइल साहेबांच्या टेबलावर असल्याचं कळवलं. अण्णा विचारलं की नुसते हसायचे.

काल बाबा फिरायला म्हणून मुद्दाम तिकडून चक्कर मारून आले. चप्पल काढता काढता म्हणाले, ‘पायऱ्यांशेजारी उतार करायलेत. व्हीलचेअरचा. आन् आतली एक खोली शिशाच्या पत्र्यानं मढवायलेत.’

म्हणजे एक्स-रे. म्हणजे हाडांचा दवाखाना. मुलगी आत जाऊन दार आपटून बसली. बायकोनं भाजी चिरायची थांबवली.

‘नवीन बांधकाम आहे ना? मग बाथरूम स्वच्छ असेल. कँटीन काढणार आहेत का, तेवढं विचारून या.’