सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आणि तुमचे आक्षेप

नमस्कार सर,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, स्वसंरक्षणासाठी पहिल्यांदाच शस्त्र घेणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हर सुचवलं हे आजोबांच्या काळातलं झालं. सहा गोळ्यांनी काय होतंय, सरळ नाइन एमएम पिस्तूल घ्यावं. आणि अर्धा लेख मी परवान्याच्या कागदांवर घालवला.

नाइन एमएमचा विषय लगेच संपतो. आपल्याकडे तो प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीचं ते माप सामान्य नागरिकाला बंद. पोलीस आयुक्तालयातून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर तो घेता येत नाही. बहुतेकांपुढे प्रश्न उरतो तो पॉइंट थ्री टू (०.३२ इंची) मापाचं रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, एवढाच. (आकडा एक असला तरी काडतुसं वेगळी, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.) म्हणजे वाद सहा विरुद्ध आठ गोळ्यांचा.

त्या दोन जादा गोळ्यांसाठी नवख्याने काय पत्करायचं ते बघा. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं की त्याला वाटतं, पिस्तूल रिकामं झालं. नळीत चढलेली गोळी तशीच असते, आणि साफसफाई करताना 'चुकून' सुटते ती हीच. कानपूरचं वेब्ली धाटणीचं रिव्हॉल्व्हर मधून दुमडून उघडलं की गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांसमोर. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) खेचून ते फुसकं काडतूस बाहेर काढावं लागतं, तेही हात थरथरत असताना.

रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, नेम हलतो, हे मान्य. त्याला इलाज सरावाचा. पॉइंट वन सेव्हन सेव्हन मापाच्या, २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. नेमबाजीच्या रेंजवर दहा मीटरवर आधी त्याने हात बसवा, मग बाकीचं.

आता कागद. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, आणि वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण माझा खरा रोख भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ वर होता: बचावाला लागेल तेवढीच इजा. पहिल्या गोळीनंतर समोरचा पळत सुटला, तर दुसरी का झाडली हे कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल. सातवी-आठवी तर लांबच. पार्किंगच्या भांडणात कमरेचं पिस्तूल दाखवणाऱ्यांसाठी हे लिहिलं होतं, तुमच्यासाठी नव्हे.

राहता राहिलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर. वहिनींसाठी विचारलंत. २०१४ साली महिलांसाठी म्हणून ते आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन जेमतेम अर्धा किलो. पर्समध्ये बरं, पण हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त बसतो. शिवाय तुमच्या परवान्यावरचं शस्त्र त्यांना वापरता येणार नाही; अर्ज त्यांच्याच नावाने करा, आणि घेण्याआधी रेंजवर त्यांच्याच हातात देऊन बघा.