सोनीचा व्हिटा एका मेमरी कार्डापायी गेला

२०१२ साली दारव्हा, दिग्रस, मोर्शी, वरूड, कोणत्याही तालुक्याच्या बाजारात एक धंदा जोरात होता, मेमरी कार्ड भरून देण्याचा. पोट्टे मोबाइलची बॅटरी काढून त्याखालचं नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवायचे. दुकानदार ते रीडरमध्ये घालायचा आणि वीस-तीस रुपयांत गाणे, पिक्चर, जावा गेम भरून द्यायचा. नेट नको, खातं नको, पासवर्ड नको. तेच कार्ड संध्याकाळी भावाच्या मोबाइलमध्ये चालायचं.

त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा अमेरिका-युरोपात विक्रीला आला. जपानात तो दोन महिने आधी, १७ डिसेंबर २०११ ला आला होता. हा हातात धरून खेळायचा गेम नंतर का बुडाला, यावर लोक एकच उत्तर देतात: मोबाइल आले, म्हणून. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. मोबाइलनं हातातले गेम मारले असते, तर त्याच वर्षांत निन्टेन्डो कंपनीचा तसाच हातातला ३डीएस साडेसात कोटींच्या वर कसा खपला असता? व्हिटाचा शेवटचा आकडा सोनीनं कधी जाहीर केला नाही, पण अंदाज दीड कोटीच्या आसपास थांबतात. त्याच सोनीचा आधीचा पीएसपी आठ कोटींच्या घरात गेला होता. ३डीएस आणि व्हिटाचा काळ तोच, मोबाइल तेच. मग फरक कशात होता?

यंत्रात तर नव्हताच. पाच इंची ओएलईडी पडदा, ९६० बाय ५४४ पिक्सेल, चार कोअरचा प्रोसेसर, दोन्ही अंगठ्यांना दोन स्टिक, मागच्या बाजूलाही टच. पडद्यावरचा काळा रंग खरोखर काळा दिसायचा. आणि आपल्याकडच्या गावासाठी तर हीच वस्तू योग्य होती. घरच्या टीव्हीवर सासूबाईंची मालिका सुरू असली तरी अडत नाही, भारनियमनात लाइन गेली तरी अडत नाही, स्टॅबिलायझर लागत नाही. एकदा चार्ज केला की तीन ते पाच तास चालतो.

मारलं ते कार्डानं. सोनीनं व्हिटासाठी स्वतःचंच वेगळं मेमरी कार्ड काढलं. दिसायला मायक्रो एसडीसारखं, पण ते दुसऱ्या कोणत्याही यंत्रात बसत नाही आणि दुसरं कोणतंही कार्ड व्हिटात बसत नाही. अमेरिकेतले सुरुवातीचे भाव बघा: ४ जीबी २० डॉलर, ८ जीबी ३० डॉलर, १६ जीबी ६० डॉलर, ३२ जीबी १०० डॉलर. डॉलर तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डाला पाच हजार रुपये. वायफायवाला व्हिटाच अडीचशे डॉलरचा. साधं ३२ जीबीचं मायक्रो एसडी याच्या फार तर तिसऱ्या हिश्श्यात मिळायचं.

कार्ड न घेता भागवावं, तर तीही सोय नव्हती. पहिल्या मॉडेलमध्ये आपल्याला वापरता येईल अशी आतली मेमरीच दिलेली नव्हती. काही गेम स्वतःच्या कार्टवर (गेम ज्या छोट्या चिपवर विकत मिळतो तिच्यावर) सेव्ह व्हायचे, पण काही मेमरी कार्डाशिवाय पुढे सरकायचेच नाहीत. डाउनलोड करून घ्यायचा मोठा गेम तीन-साडेतीन जीबीचा, त्यामुळे ४ जीबीच्या कार्डात एक गेम गेला की कार्ड संपलं. दुसरा टाकायचा तर पहिला पुसा, आणि पहिला परत हवा असेल तर पुन्हा पूर्ण उतरवा. कापूस विकून दिवाळीला पोराला वस्तू घेऊन देणारा माणूस खोक्यावरची किंमत बघून पैसे मोजतो. घरी आल्यावर पोरगं म्हणतं, आता कार्ड लागते. तिथंच विश्वास जातो. हे अमेरिकेतल्या बापालाही तेवढंच लागू होतं, म्हणून तिथेही खप बसला.

आता साडेतीन जीबी गावात उतरवायचे कसे? टूजीवर सलग १०० केबीपीएस मिळाला असं धरा. हिशोब ७८ तासांचा येतो, तीन दिवस आणि तीन रात्री, मध्ये रेंज गेली नाही तर. थ्रीजीचा व्हिटा वेगळा मिळायचा, त्याला ५० डॉलर जास्त, आणि त्यावर सुरुवातीला एका वेळी २० एमबीच्या वरची फाइल उतरवूच द्यायचे नाहीत. कार्ड भरून देणारा दुकानदार इथं हतबल होता, कारण हे कार्ड घेणारा रीडरच नाही. कॉम्प्युटरवर सोनीचं सॉफ्टवेअर टाका, व्हिटा केबलनं जोडा, तेव्हा कुठे फाइल जाणार. त्यातही एक कार्ड एकाच खात्याला बांधलेलं. दोन भावांची खाती वेगळी असली, तर दुसऱ्यासाठी कार्ड फॉरमॅट.

चार्जिंगचंही तसंच. पहिल्या मॉडेलची पिन चपटी, फक्त सोनीची. ती केबल उंदरानं कुरतडली तर मोबाइलची केबल चालत नाही. २०१३ च्या दुसऱ्या मॉडेलला साधी मायक्रो यूएसबी पिन दिली, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलचा चार्जर चालू लागला, १ जीबी आतली मेमरीही दिली. पण कार्डाची खाच तीच ठेवली.

सोनीची भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला पाहिजे. पीएसपीच्या मेमरी स्टिकवर जगभर चोरीचे गेम भरले गेले, त्यात गेम बनवणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. पण चोराला अडवण्यासाठी लावलेल्या कुलपाचे पैसे प्रामाणिक गिऱ्हाइकाकडून घेतले, तेही दुप्पट-तिप्पट. निन्टेन्डोनं मात्र ३डीएसला साधं एसडी कार्ड दिलं, आणि सुरुवातीला खप बसताच ऑगस्ट २०११ मध्ये किंमत २५० वरून १७० डॉलरवर आणली. जपानात पीएसपी ज्या मॉन्स्टर हंटर गेमच्या जोरावर चालला होता, ती मालिकाही कॅपकॉम कंपनीनं ३डीएसकडे नेली. सोनीनं अमेरिकेत किंमत उतरवली ती ऑगस्ट २०१३ मध्ये, व्हिटा २०० डॉलर आणि ३२ जीबीचं कार्ड ८० डॉलर. तीन महिन्यांत सोनीचाच टीव्हीला जोडून खेळायचा पीएस४ येणार होता. तेव्हा कोण घेणार?

कार्डच मूळ दुखणं होतं, याचा पुरावा हौशी लोकांनी दिला. २०१७ मध्ये गेम कार्टच्या खाचेत बसणारा एक छोटा ॲडॉप्टर निघाला, त्यात साधं मायक्रो एसडी घालता येतं. त्यासाठी व्हिटाचं सॉफ्टवेअर फोडावं लागतं आणि कार्टची खाच अडते, पण त्यानंतर लोकांनी कपाटातले व्हिटा परत बाहेर काढले.

आज कोणी जुना व्हिटा घेत असेल तर आधी मॉडेल नंबर बघा. पीसीएच-१००० म्हणजे ओएलईडी पडदा आणि सोनीची पिन, पीसीएच-२००० म्हणजे एलसीडी पडदा आणि मायक्रो यूएसबी. १००० ची मूळ केबल सोबत नसेल तर सौदा करू नका. पडद्यावर गडद राखाडी चित्र लावून डाग तपासा. मग यंत्र पूर्ण बंद करा, आर बटण आणि पीएस बटण दाबून ठेवा, त्यासोबत पॉवरचं बटण पाच सेकंद दाबा. सेफ मोड उघडतो. त्यात डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय चालवा आणि सुरू झाल्यावर सेटिंगमध्ये मेमरी कार्डाची जागा दिसते का ते बघा. दिसत नसेल, तर कार्ड वेगळं शोधायला जितके पैसे जातील तितके किमतीतून तिथंच कमी करून घ्या.