‘सगळं आधीच भरलंय, टिप देऊ नका’: कॅरिबियनला निघालेल्यांसाठी या सल्ल्याचा प्रतिवाद

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. नाताळच्या सुट्टीत डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, जमैकातलं माँटेगो बे, बहामातलं नसाऊ किंवा बार्बाडोस इथे निघालेल्यांसाठी तो असतो. भारतातून आलेल्या आईबाबांना सोबत नेणारेही तो जपून ठेवतात, कारण अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकन रिपब्लिकला जाता येतं. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे टिपसकट सगळं भरलेलं. वर पैसे वाटणं ही अमेरिकन लोकांनी लावलेली सवय. डॉलर सगळीकडे चालतो, स्थानिक चलन घेऊन नुकसान करून घेऊ नका. रोख नेऊच नका, कार्ड पुरतं. फारच वाटलं तर शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर एक पाकीट द्या, नाहीतर चॉकलेटं वाटा.’

यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती पटतात. पण ती पाळली तर आपलं थोडं नुकसान होतं आणि आठवडाभर आपल्यामागे राबणाऱ्या माणसांचं बरंच. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘टिप पॅकेजमध्येच आली.’ एका ठिकाणी हे अगदी खरं आहे, ते आधी सांगते. सँडल्स ही १९८१ साली माँटेगो बेमध्ये सुरू झालेली जमैकन साखळी. तिने टिप भाड्यातच धरली आहे आणि बटलर, स्पामधले कर्मचारी असे अपवाद सोडले तर बाकीच्यांना पाहुण्यांकडून पैसे घ्यायला मनाई आहे. तिथे प्रेमाने का होईना, नोट कोणाच्या हातात कोंबलीत तर अडचणीत तो येईल. तिथे देऊ नका. मात्र एका साखळीचा नियम सगळ्या बेटांवरच्या सगळ्या रिसॉर्टना लावायचं काही कारण नाही. पुंता कानाच्या बहुतेक मोठ्या रिसॉर्टांत कर्मचारी टिप घेतात आणि त्यांना तिचा खरोखर आधार असतो. आपल्या रिसॉर्टचा नियम काय आहे हे निघण्यापूर्वी एक ईमेल पाठवून विचारता येतं. विचारताना प्रश्न नेमका ठेवा: ‘तुमच्या कर्मचाऱ्यांना पाहुण्यांकडून टिप घेण्याची परवानगी आहे का?’ ‘टिप समाविष्ट आहे का?’ असं विचारलंत तर विक्री विभाग ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि त्या ‘हो’मधून तुमची खोली आवरणाऱ्या बाईंच्या हातात काय पडतं ते कळत नाही.

डॉमिनिकन रिपब्लिकच्या बाबतीत संदेश पाठवणारे हमखास तिथल्या कायद्याकडे बोट दाखवतात. कायदा आहे, आणि चांगला आहे. १९९२ च्या कामगार संहितेनुसार हॉटेलं, रेस्टॉरंटं, बार अशा जिथे बसून खायचं-प्यायचं त्या ठिकाणी मालकाने बिलावर १० टक्के टिप लावायची आणि ती पूर्ण रक्कम कामगारांत वाटायची. त्यावर आणखी १८ टक्के विक्रीकर. म्हणून बाहेरच्या हॉटेलात मेनूवर १,००० पेसो (तिथलं चलन) लिहिलेली मासळी बिलात १,२८० ची होते. आपली माणसं बिल बघून चिडतात ती इथेच, आणि ‘टिप तर कापलीच की’ म्हणून उठतात. पण ती १० टक्के रक्कम सगळ्यांत विभागली जाते. तुमच्या टेबलापाशी दोन तास उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातला एक छोटा तुकडा येतो. तिथले लोक स्वतःसुद्धा सेवा आवडली तर वर काहीतरी ठेवतात. आणि विमानतळावरून आणणारा व्हॅनचालक, सामान चढवणारा पोर्टर, साओना बेटावर नेणाऱ्या बोटीतली पोरं, सहलीचा गाइड हे हॉटेलचे नोकरच नसतात. त्यांच्यापर्यंत हॉटेलच्या बिलावरचा हा हिस्सा पोचतच नाही.

आता पगाराचं बघू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. जमैकात १ जून २०२५ पासून किमान वेतन ४० तासांच्या आठवड्याला १६,००० जमैकन डॉलर आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण एका अमेरिकन डॉलरला साधारण १६० जमैकन डॉलर पडतात, म्हणजे आठवड्याचे शंभर अमेरिकन डॉलर. हे कायद्याने ठरवलेलं किमान आहे. चांगल्या हॉटेलांत याहून जास्त मिळत असेल. तरी ज्या खोलीचं आपण एका रात्रीचं भाडं कित्येक शे डॉलर देतो, ती खोली रोज लख्ख करणाऱ्या बाईंची आठवड्याची कमाई कोणत्या पातळीच्या आसपास असते, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. बेटावर वस्तूही स्वस्त नसतात, कारण अन्नधान्यापासून साबणापर्यंत बरंच काही जहाजाने येतं. पॅकेजचे पैसे आपण विमान कंपनीला, बुकिंगच्या संकेतस्थळाला आणि हॉटेलच्या मालकाला देतो. त्या बाईंना आपण अजून काही दिलेलं नसतं, आणि ‘सगळं भरलंय’ या दोन शब्दांनी नेमकं हेच झाकलं जातं. माझा राग या संदेशावर आहे तो यासाठी.

‘ही अमेरिकन लोकांची सवय.’ असेलही. पण वर सांगितलेल्या कायद्याने ती ज्या देशात कामगाराचा हक्क म्हणून मान्य केली आहे, तिथे जाऊन सवय कोणी लावली याचा वाद घालण्यात काय अर्थ? घरखर्च तर त्या सवयीवर उभा राहिलाच आहे.

या मुद्द्यामागे खरं तर खर्चाची धास्ती असते. आईबाबा पाच डॉलरचे मनातल्या मनात चारशेहून जास्त रुपये करतात आणि हात आखडतो. मी समजू शकते. म्हणून आकडाच मांडते. चौघांचं कुटुंब, एक खोली, सात रात्री. खोलीत रोज तीन डॉलर म्हणजे एकवीस. जेवणाची टेबलं आणि बार मिळून दिवसाला दहा, म्हणजे सत्तर. येताजाताचा पोर्टर आणि व्हॅनचालक मिळून अठरा-वीस. एका सहलीचा गाइड आणि चालक, वीस. बेरीज एकशेतीसच्या आसपास. चार हजार डॉलरच्या सुट्टीत ही रक्कम साडेतीन टक्केही होत नाही. पॅकेज निवडतानाच ती हिशेबात धरली तर रोज पाकीट काढताना मनात घालमेल होत नाही. आणि एवढी झेपत नसेल तर एक रात्र कमी राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘डॉलर सगळीकडे चालतो.’ चालतो, पण कोणता आणि कोणत्या भावाने? बहामाचा डॉलर अमेरिकन डॉलरशी एकास एक बांधलेला आहे; तिथे संदेश बरोबर. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. सेंट लुसिया, अँटिग्वा, ग्रेनाडा आणि शेजारची काही बेटं मिळून जो पूर्व कॅरिबियन डॉलर वापरतात, तो १९७६ पासून २.७० ला एक या दराने बांधलेला आहे. अशा बेटांवर अमेरिकन नोटा दिल्याने फारसं बिघडत नाही, मात्र उरलेले पैसे स्थानिक चलनात परत मिळतात आणि बोर्डावरची किंमत कोणत्या डॉलरमधली आहे ते विचारून घ्यावं लागतं. बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनमध्ये, खानावळीत ४० डॉलर लिहिलं असेल तर ते बहुधा २० अमेरिकन डॉलर असतात. सेंट लुसियात ५४ लिहिलेलंही तेवढंच. हे ठाऊक नसलेला माणूस किंमत बघून बाहेर पडतो, किंवा ४० च्या जागी अमेरिकन ४० ठेवून येतो. मार्टिनिक आणि ग्वादेलूप हे फ्रान्सचे भाग, तिथलं चलन युरो.

खरा तोटा होतो तो जमैका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, कारण तिथला दर बांधलेला नाही. समजा बँकेत एका डॉलरला ६० पेसो मिळतात आणि किनाऱ्यावरचा दुकानदार हिशेबाला सोपं म्हणून ५० धरतो. ३,००० पेसोंचं लाकडी खेळणं पेसोंत घेतलं तर ५० डॉलरला पडतं, डॉलरमध्ये घेतलं तर ६० ला. दहा डॉलर उगाच गेले. तेव्हा ‘स्थानिक चलन घेऊन नुकसान’ हे या दोन देशांपुरतं सरळ उलटं आहे. बँकेत किंवा अधिकृत चलन केंद्रावर थोडेथोडे पेसो घ्यावेत. हॉटेलच्या काउंटरवरचा आणि विमानतळावरचा दर बहुधा कमी असतो.

टिपसाठी डॉलर द्यावेत की पेसो? दोन्ही घेतले जातात. मी पेसोंच्या बाजूची आहे. १०० किंवा २०० पेसोंची नोट घेऊन ती व्यक्ती संध्याकाळी घरी जाता जाता कोपऱ्यावरच्या कोलमादोमधून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, तांदूळ-तेल घेऊ शकते. एकेक डॉलरच्या नोटा साठवून त्या बदलायला जावं लागतं. फाटकी किंवा शाईने लिहिलेली नोट बदलून मिळेलच असं नाही. आणि अमेरिकन नाणी तर मुळीच देऊ नका. बँका परदेशी नाणी बदलून देत नाहीत, त्यामुळे मूठभर क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, दिली तरी घेणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य.

‘रोख नेऊ नका, कार्ड पुरतं.’ रिसॉर्टच्या दुकानात, मोठ्या हॉटेलात पुरतं. उशीवर ठेवायला, पोर्टरला द्यायला, किनाऱ्यावर शहाळं फोडून देणाऱ्याला कार्ड कसं देणार? शिवाय कार्डाच्या यंत्रावर एक प्रश्न येतो: रक्कम पेसोंत घ्यायची की तुमच्या चलनात? अमेरिकन कार्डाला डॉलर दिसतात, भारतीय कार्डाला रुपये. ओळखीचा आकडा बघून हात तिकडेच जातो आणि फसगत तिथेच होते, कारण तो दर यंत्रामागची कंपनी आपला नफा लावून ठरवते. नेहमी स्थानिक चलन निवडा. भारतीय कार्डावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्या शुल्कावर जीएसटी असतो, तो वेगळाच. वर हा दुसरा भुर्दंड कशाला?

भारतातून थेट निघणाऱ्यांनी पेसो किंवा जमैकन डॉलर भारतातच मिळवायच्या खटपटीत पडू नये. अमेरिकन डॉलर न्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, आणि इथे त्याच्या दशांशानेही भागतं. फक्त चलन देणाऱ्याकडे एक आणि पाचच्या नोटा आवर्जून मागाव्यात, नाहीतर तो शंभराच्या काढून देतो आणि तिथे पहिल्या दिवशी पोर्टरसमोर उभं राहून सुट्टे शोधायची वेळ येते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या बँकेतून एक डॉलरच्या नोटांचं बंडल घेतलं की काम झालं.

‘शेवटच्या दिवशी एकदम द्या.’ खोली आवरणाऱ्या बाई रोज त्याच नसतात. त्यांना सुट्टी असते, पाळ्या बदलतात. सहा दिवस एकीने वाकून गाद्या उचलल्या आणि सातव्या दिवशी दुसरी आली, तर पाकीट दुसरीला. म्हणून खोलीत रोज ठेवावं. आणि नुसतं टेबलावर ठेवू नये. पाहुण्याच्या खोलीतले सुटे पैसे उचलले असा आळ येऊ नये म्हणून अनेकजणी त्यांना हातही लावत नाहीत. उशीवर ठेवून शेजारी चिठ्ठीवर ‘ग्रासियास’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘आभारी आहे’, असं लिहिलं, जमैकात ‘थँक यू’ लिहिलं, की शंका राहत नाही. रिसेप्शनवर दिलेलं पाकीट कोणाकोणात वाटलं जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. एखाद्याने विशेष काळजी घेतली असेल, आजोबांना रोज जिन्यावरून हात धरून नेलं असेल, तर त्याला स्वतः भेटून द्या. आणि त्याच्या वरिष्ठांकडे नाव घेऊन लेखी कौतुकही करा. बढतीच्या वेळी ते उपयोगी पडतं.

चॉकलेटं, चिवडा, मुलांसाठी रंगपेट्या जरूर द्या, आनंदाने घेतल्या जातात. पण पैशांच्या सोबत द्या, पैशांच्या ऐवजी नाही. घरभाडं आणि शाळेचा गणवेश चॉकलेटांवर भागत नाही. वापरलेले कपडे किंवा बूट मागे ठेवणार असाल तर ते कोणासाठी आहेत हे खोली क्रमांक आणि सहीसह कागदावर लिहा, कारण अनेक हॉटेलांत कामावरून सुटताना कर्मचाऱ्यांच्या पिशव्या तपासतात.

उरलेल्या पेसोंचं काय, हा प्रश्न संदेशाखालच्या चर्चेत नेहमी येतो. भारतात ते कोणी घेणार नाही, अमेरिकेतही दर पडेल मिळतो. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत नवे पेसो काढू नका, असलेले खोलीत आणि जेवणाच्या टेबलांवर संपवत आणा, आणि विमानतळावर सोडणाऱ्या चालकासाठी दोनशे-तीनशे पेसो वरच्या खिशात वेगळे ठेवा.