‘लोभी माणसंच फसतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करून देतो’ म्हणणाऱ्या फोनांवरचा माझा लेख तुम्ही पूर्ण वाचलात आणि मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘न बोलता फोन ठेवा’ हा माझा सल्ला तुम्हाला भित्रा वाटतो. तुम्ही अशा लोकांना अर्धा-अर्धा तास बोलण्यात अडकवून ठेवता. आणि जे फसतात ते लोभीच असतात, त्यांचा कळवळा कशाला, असं तुम्ही विचारता.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तोच मला लागला.

लॉटरीच्या फोनात फुकटचं घबाड असतं. इथे तसं काहीच नसतं. कर्ज फेडायचंच असतं, फक्त कमी व्याजानं. वर्षाला 24 टक्के म्हणजे महिन्याला साधारण 2 टक्के. समजा, बाकीच्या 3 टक्के एवढीच किमान रक्कम कुणी भरत राहिलं, तर त्यातले दोन तृतीयांश व्याजातच जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही. दर महिन्याला हे बघणाऱ्याला कुणी ‘व्याज 6 टक्क्यांवर आणतो’ म्हणालं, तर तो ऐकणारच. त्याला सुटका हवी असते हो, लोभ कसला!

माझी आत्या आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब लिहीत आली. तिच्याकडून ‘खातं पडताळायचंय’ म्हणत कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे काढून घेतले. त्या माणसानं सांगितलेला ‘संदर्भ क्रमांक’ तिनं एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते पाकीट आम्हाला चार महिन्यांनी सापडलं. तोवर कार्डावरून आणखी दोनदा पैसे गेले होते. बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, “तुम्ही मला हावरट म्हणाला असता.” पहिल्याच दिवशी बोलली असती तर कार्ड बंद करता आलं असतं. तुमच्या त्या शब्दानं माणसं गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो.

अमेरिकेत तर ‘कार्डहोल्डर सर्व्हिसेस’मधून बोलणारी रेचल, म्हणजे एक ध्वनिमुद्रित आवाज, कुप्रसिद्ध झाली. कर्जाचा भार हलका करून देण्याआधीच फोनवरून शुल्क उकळायला तिथे 2010 मध्ये बंदी आली. नोव्हेंबर 2012 मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, असे फोन करणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्ध एकदम कारवाई केली. तरी फोन थांबले नाहीत.

आता तुमचा अर्धा तास. ते फोन यंत्र लावतं, एकाच वेळी हजारो ठिकाणी. तुम्ही 1 दाबलात की मगच माणूस येतो. म्हणजे तुम्ही अडवता तो एक माणूस, यंत्र चालूच राहतं. उलट ‘या नंबरवर उचलतात, बोलतात’ एवढं त्यांना कळतं. ‘नाव काढण्यासाठी 2 दाबा’ म्हणतात तिथे दाबलं तरी तेच. शिवाय अर्ध्या तासात बँक कोणती, बाकी किती, हप्ता थकलाय का, हे बोलता बोलता निसटतंच. तुमच्याकडून निसटत नसेल, पण तुमचं बघून आत्यासारखं कुणी करायला गेलं तर?

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य. व्याज खरोखर कमी होऊ शकतं, हे मी एका ओळीत उरकलं होतं. ते ठरवणं कार्ड देणाऱ्या बँकेच्याच हातात असतं, मधल्या कुणाच्या नाही. कार्डाच्या मागे छापलेला नंबर आपण स्वतः फिरवायचा. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं म्हणून आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही, कारण ते नाव खोटं दाखवता येतं. आत्याला पहिल्यांदा नकार मिळाला. महिन्याभरानं तिनं पुन्हा विचारलं तेव्हा दर थोडा उतरला, आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागला नाही.

आणखी एक राहिलं होतं. एकदा फसलेल्याला पुढे ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडं शुल्क भरा’ असाही फोन येतो. आत्याला आला. या वेळी तिनं फोन ठेवला आणि लगेच मला सांगितलं. हे दोन्ही भाग आज मूळ लेखात घालतो आहे.